बुजलेला ध

अशोक स्तंभाजवळच्या गल्लीत माझं डीटीपीचं दुकान आहे. पंचवीस वर्षं मी तिथे बसून लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, क्लासच्या जाहिराती आणि उद्घाटनाच्या पाट्या जुळवतो आहे. त्यातली तीन वर्षं, गिऱ्हाइकं सांभाळून, मी स्वतःचा एक टाईप बनवला. मनापासून केलेलं माझं ते एकच काम, आणि सात वर्षं मला त्याच्याकडे सरळ बघता येत नव्हतं. आता येतं. ते कसं, ते सांगतो. मला बोलायची सवय नाही, त्यामुळे थोडं मागेपुढे होईल.

देवनागरी अक्षर मूळचं बोरूचं, म्हणून त्यात एक रेघ जाड आणि एक बारीक असते. मी तो फरक काढून टाकला. सगळ्या रेघा एकाच जाडीच्या, चांगल्या दणकट, टोकं सरळ छाटलेली. आणि सगळं अक्षर उजवीकडे कललेलं. शिरोरेषा मात्र आडवीच ठेवली, कारण ती कलती झाली की शब्द जिन्यावरून घसरल्यासारखा दिसतो. हा टाईप मजकुरासाठी नव्हताच. चार ओळी वाचल्या तर डोकं दुखेल. तो मोठ्या मथळ्यांसाठी होता, कबड्डीच्या स्पर्धा, ट्रॅक्टरची शोरूम, व्यायामशाळा, अशा लांबून दिसायच्या पाट्यांसाठी. लासलगावचा एक कांद्याचा व्यापारी गोण्यांवरची छपाई घेऊन यायचा. त्यानंच त्याचं बारसं केलं. म्हणाला, "ते पळतं अक्षर टाका बरं. गोणी हुभी असली तरी माल निघाल्यावानी दिसतो." तेव्हापासून गल्लीत त्याला पळता टाईप म्हणायला लागले.

टाईप पुरा झाला तेव्हा सगळ्यात आधी मी तो सरांना दाखवला.

सर म्हणजे मला शाळेत मराठी शिकवणारे. निवृत्त झाल्यावर ते आमच्या गल्लीतल्या सगळ्या छापखान्यांची प्रुफं वाचायचे. त्यांची एक पद्धत होती. मजकूर ते सरळ वाचत, पण मथळा नेहमी उलटा वाचत. शेवटच्या अक्षरापासून पहिल्याकडे, प्रत्येक अक्षराखाली पेनचं टोक टेकवत. "शब्द वाचला की डोळा फसतो," म्हणायचे. "त्याला जे असायला हवं ते दिसतं. म्हणून अक्षर वाचायचं." या पद्धतीनं वाचलेल्या मथळ्यात त्यांच्याकडून कधी चूक सुटली नव्हती. त्यांना त्याचा अभिमान होता, आणि तो ते लपवत नसत.

माझ्या टाईपाचा तक्ता बघून ते म्हणाले, "अक्षराला एवढी कसली घाई झालीय रे? कुठे आग लागलीय?" मग खुर्ची ओढून अर्धा तास बघत बसले. जाताना म्हणाले, "चांगलं केलंयस. फक्त ध ला जरा श्वास घेऊ दे."

ध आणि घ यांच्यात फरक तो किती. घ ची शिरोरेषा पुरी असते. ध ची तुटलेली असते आणि तुटल्या जागी डावीकडे एक छोटी गाठ असते. ती गाठ मला जुनाट वाटली होती, म्हणून मी ती छाटून नुसतं आखूड टोक ठेवलं होतं. आता ध चा सगळा भार त्या एका बारीक फटीवर होता. मी सरांना "हो सर" म्हणालो आणि ध तसाच ठेवला. मला तो तसाच आवडत होता.

त्याच वर्षी आमच्या शाळेचा सुवर्णमहोत्सव होता. स्मरणिका निघणार होती आणि तिचं काम माझ्याकडे आलं. नाव ठरलं 'शाळेने दिलेले धडे'. मुखपृष्ठावर माझाच टाईप घालायचा, हा आग्रह सरांचा होता. समितीत ते म्हणाले, "शाळेच्या स्मरणिकेवर शाळेच्या मुलाचं अक्षर असू दे." मी तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा होतो, पण त्यांच्या लेखी मुलगाच.

मुखपृष्ठाचं प्रूफ त्यांनी माझ्यासमोर वाचलं. पेनचं टोक टेकवत, डे, ध, ले, ले, दि, असं मागे मागे जात. मग खाली लाल शाईत 'ठीक' लिहून सही केली आणि सायकलवर बसून घरी गेले.

दुपारी चारच्या सुमाराला मी छापखान्यात ते पान द्यायला गेलो. मुखपृष्ठाचा कागद सायीच्या रंगाचा, जरा खरखरीत, त्यावर मरून अक्षरं. संगणकावर बघताना मला वाटलं, नाव अजून दणदणीत दिसायला हवं. स्टेजवरच्या माणसाच्या हातातल्या स्मरणिकेवर मागच्या रांगेतून माझं अक्षर वाचता आलं पाहिजे. म्हणून मी अक्षरांना सगळ्या बाजूंनी दोन पॉइंटची कड दिली. आमच्या धंद्यात ही रोजची गोष्ट आहे, टाईप कमी जाड वाटला की कड द्यायची. पडद्यावर ध ची फट दिसत होती. बारीक, पण होती. पान पुन्हा सरांकडे न्यायला हवं होतं. सही झाल्यावर अक्षराला हात लावला तर पान परत वाचायला द्यायचं, हा त्यांनीच घालून दिलेला नियम. सायकलनं गेलो असतो तरी पाऊण तासात परत आलो असतो. मी गेलो नाही.

त्या खरखरीत कागदावर शाई पसरली आणि फट बुजली.

प्रती समारंभाच्या सकाळी थेट हॉलवर आल्या. गठ्ठा फोडला तेव्हा मी टेबलाशीच होतो. 'शाळेने दिलेले घडे.' हजार प्रतींवर, मरून रंगात, उजवीकडे पळत सुटलेले घडे. काही करायला वेळ नव्हता. प्रमुख पाहुणे आले, फीत सोडली गेली, आणि त्यांनी स्मरणिका उंच धरून नाव मोठ्यानं वाचलं. जे छापलं होतं तेच वाचलं. क्षणभर थांबले. गृहस्थ बोलण्यात तयार होते. त्यांनी घडा घेतला आणि दहा मिनिटं त्याच्यावर बोलले. शिक्षक म्हणजे कुंभार, विद्यार्थी म्हणजे माती, शाळा म्हणजे भट्टी, आणि आपण सगळे त्या भट्टीतून निघालेले पक्के घडे. टाळ्या पडल्या. माझ्या मागे बसलेली एक बाई शेजारणीला विचारत होती, "मग जेवणानंतर वाटणार आहेत का घडे?"

हॉल हसत होता. सर पहिल्या रांगेत, हातातल्या स्मरणिकेकडे बघत बसले होते. त्यांनी नावाच्या शेवटच्या अक्षरावर बोट ठेवलेलं मला दिसलं. मग त्याच्या आधीच्या.

दोन दिवसांनी समितीची बैठक झाली. अध्यक्ष चिडलेले होते. चूक कोणाची हे विचारायच्या आत सर उभे राहिले. "सही माझी आहे," म्हणाले. "मी उलटं वाचलं होतं, तरी सुटलं. चूक माझी." आणि खाली बसले. मला त्या वेळी काय वाटलं ते सांगायला सात वर्षं लागली. मला बरं वाटलं. पळत्या टाईपाला नुकती कुठे मागणी यायला लागली होती. त्यात ध घ सारखा दिसतो असं गल्लीत पसरलं असतं, तर तो संपला असता. मी मान खाली घालून बसलो आणि लोकांना वाटलं, सरांसाठी मला वाईट वाटतंय.

बाहेर जिन्यात सरांनी मला गाठलं. "ते प्रूफ आहे का रे तुझ्याकडे? एकदा बघायचंय. मला तिथे ध दिसला होता. स्पष्ट दिसला होता."

प्रूफ माझ्या दुकानातल्या खणात होतं. मी म्हणालो, "रद्दीत गेलं सर."

ते म्हणाले, "असू दे."

पुढच्याच आठवड्यात मी ध दुरुस्त केला. फट रुंद केली आणि छाटलेली गाठ परत आणली. कोणाला काही बोललो नाही. आज नाशकात त्या टाईपाच्या ज्या पाट्या दिसतात त्यांतला ध चांगला आहे, मोकळा आहे.

सरांनी प्रुफं वाचणं सोडलं. डोळे तपासून घेतले असं कानावर आलं. मग हळूहळू मीच त्यांच्या इंदिरानगरच्या रस्त्यानं जाणं टाळायला लागलो. दिवाळीला फोन करायचो, "कसे आहात सर," "बरा आहे," इतकंच. एवढ्याशा चुकीचं त्यांनी मनाला फार लावून घेतलं, असंही मी स्वतःला सांगायचो. माणूस स्वतःला काय काय सांगू शकतो.

गेल्या फेब्रुवारीत काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, मला औषधांच्या दुकानात भेटल्या. मी सवयीनं विचारलं, "सरांचे डोळे कसे आहेत?"

"डोळ्यांना काय धाड भरलीय," काकू म्हणाल्या. "तेव्हाही ठणठणीत होते. तेच तर झालं ना. डॉक्टर म्हणाले डोळे उत्तम आहेत, आणि हे घरी आले ते म्हणाले, डोळे उत्तम आहेत म्हणजे डोकं चाललं."

मला काही कळेना. त्यांनी सांगितलं. सरांच्या थोरल्या भावाची शेवटी स्मृती गेली होती. आधी आधी छोट्या गोष्टी, मग घरची माणसं. सरांनी ते सगळं जवळून पाहिलं होतं. तेव्हापासून मनात होतंच, आणि मग ते ध झालं. "उलटं वाचूनही घ चा ध दिसला, म्हणजे सुरुवात झाली, हे घेऊन बसले. मेंदूचा फोटोसुद्धा काढला. त्यात काही नाही. पण ऐकतात कुठे. वही करतात आता. गॅस बंद केला, लिहून ठेव. दूध घेतलं, लिहून ठेव. नातीला शाळेतून आणायचं त्यांनी सोडलं, वाटेत काही विसरलं तर म्हणून. ती आता सहावीत आहे. एक दिवस गेले नाहीत."

"कधीपासून हे?" मी विचारलं, जणू मला माहीत नव्हतं.

"त्या घड्यांपासून," काकू म्हणाल्या, आणि औषधांची पिशवी घेऊन रिक्षात बसल्या.

मी समजत होतो की माझ्यामुळे एका माणसाची प्रतिष्ठा थोडी कमी झाली. तेवढं मी पचवलं होतं. सात वर्षं तो रोज सकाळी उठून स्वतःचं डोकं तपासतोय, हे मला माहीत नव्हतं. आणि ते थांबवणारा कागद माझ्या खणात होता.

तरी मला जायला तीन आठवडे लागले. हेही लपवत नाही.

रविवारी सकाळी गेलो. सर गॅलरीत बसले होते, मांडीवर वही. बारीक झाले होते. "अरे, ये," म्हणाले, आणि वहीत काहीतरी टिपलं. बहुधा मी आल्याचं. काकू आत पोहे करत होत्या. मी बसलो नाही. बसलो असतो तर हवापाण्यावर बोलून परत आलो असतो. पिशवीतून प्रूफ काढून त्यांच्यासमोर धरलं.

त्यांनी ते घेतलं. आधी सही बघितली. मग शेवटच्या अक्षरावर बोट ठेवलं. डे. बोट डावीकडे सरकलं आणि थांबलं. खिशातून भिंग काढलं आणि बराच वेळ बघत राहिले.

"हा ध आहे," म्हणाले.

"हो सर."

"सही माझी आहे."

"हो."

"मग छापलं ते काय होतं?"

मी सांगितलं. कड दिल्याचं सांगितलं, कागदाचं सांगितलं, परत दाखवायला आलो नाही ते सांगितलं. त्यांनी मध्येच विचारलं, "किती पॉइंट?"

"दोन."

"दोन पॉइंटांत ध बुजला?"

"तो आधीच अरुंद होता सर. तुम्ही म्हणाला होतात."

"म्हणालो होतो," ते म्हणाले. मग भिंग बाजूला ठेवून माझ्याकडे बघितलं. "रद्दीत गेलं म्हणालास."

"खोटं बोललो."

गॅलरीच्या दारात काकू झारा हातात घेऊन उभ्या होत्या. त्यांनी किती ऐकलं होतं कोण जाणे, सगळंच असावं. आवाज न चढवता त्या म्हणाल्या, "लाज नाही वाटली रे तुला? हा माणूस त्या मशीनच्या बोगद्यात अर्धा तास पडून होता. बाहेर येऊन मला माझंच नाव विचारून खात्री करून घेत होता. आणि तू दिवाळीला फोन करून कसे आहात विचारत होतास."

मी म्हणालो, "वाटत होती काकू."

"मग काय उपयोग तिचा?"

सर मात्र आमच्याकडे बघतच नव्हते. ते काहीतरी जुळवत होते. म्हणाले, "पण दूध उतू गेलं त्याचं काय? वहीत आहे. गेल्या वर्षी अकरा वेळा गेलं."

"ते तुम्ही लग्नापासून घालवताय," काकू म्हणाल्या. "तेव्हा वही नव्हती, एवढंच."

सरांनी विचार केला. "आणि तो बँकेतला माणूस? त्याचं नाव मला आठवलं नाही."

"तुम्हाला माझ्या मावशीच्या नवऱ्याचं नाव चाळीस वर्षांत आठवलेलं नाही."

"तो लक्षात ठेवण्यासारखा नव्हता," सर म्हणाले, आणि त्यांच्या खांद्यांत काहीतरी सैल झालेलं मी पाहिलं. हसले नाहीत. पण इतका वेळ ते खुर्चीच्या कडेवर बसले होते, ते मागे टेकले.

मी डॉक्टर नाही. ते आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. या वयात जेवढं विसरायला होतं तेवढं त्यांनाही होत असेल, पुढे काय होईल ते कोणी सांगावं. पण त्या दिवशी त्यांना पुन्हा विश्वास ठेवता आला की त्यांनी पाहिलं होतं ते तिथे होतं.

पोहे आले. काकूंनी माझी बशी जरा आपटूनच ठेवली, पण त्यात खोबरं घातलेलं होतं. मी म्हणालो, "सर, मी हे सगळं लिहून समितीला देतो. शाळेतल्या सगळ्यांना कळू दे."

"लिही," ते म्हणाले. "आणि प्रूफ मला दाखव."

मग थोड्या वेळानं म्हणाले, "माफ केलं वगैरे मी काही म्हणणार नाही. राग आलाय मला. बराच आलाय. पण तो राहू दे काही दिवस. सात वर्षं जे होतं त्यापेक्षा हा बरा आहे. याच्यासोबत झोप लागेल."

मला वाटतं त्याच वाक्याला माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. माफी मिळाली असती तर कदाचित नसतं उतरलं. त्यांना माझा राग आला होता, म्हणजे आता ते स्वतःला घाबरत नव्हते.

काकूंनी आतून सांगितलं, कोथिंबीर आणि लिंबं हवी आहेत. सर चप्पल घालायला उठले. "चल," मला म्हणाले. काकू वही घेऊन दारापर्यंत आल्या, रोजच्या सवयीनं, दोन वस्तू लिहून द्यायला. ते म्हणाले, "दोनच तर आहेत."

भाजीवाल्यापर्यंत आम्ही चालत गेलो. वाटेत सर पाट्या वाचत होते, आधी मनात, मग मोठ्यानं. 'येथे उत्तम प्रतिचे गूळ मिळतील.' "प्रतीचा. गुळाला अनेकवचन कशाला केलंय यानं?" एका क्लासच्या फलकावर माझा टाईप होता, 'ध्येय' असं नाव. त्याखाली ते थांबले. त्यांनी य, ध्ये, असं बोटानं हवेत मोजलं आणि पुढे चालायला लागले. "गाठ परत घातलीस."

"हो सर."

"बरी दिसते."

मग म्हणाले, सोमवारी शाळा किती वाजता सुटते ते विचारायला पाहिजे, आता वेळ बदलली असेल. ते माझ्याशी बोलत नव्हते. मी ऐकून घेतलं.

कोथिंबीर घेतली, लिंबं घेतली. परत येताना कोपऱ्यावरच्या टपरीवर त्यांनी चहा सांगितला आणि बाकावर बसले. बसल्या बसल्या माझ्या टाईपातल्या भ आणि म बद्दल त्यांनी मला चांगलंच झापलं. भ चीही तीच गत आहे, कड दिली की तो म होईल, हे मला इतकी वर्षं कसं दिसलं नाही, तुझे डोळे तपासून घे. चहावाला हसत होता. बोलत बोलतच आम्ही घरी आलो.

काकूंनी दार उघडलं आणि सरांच्या रिकाम्या हातांकडे बघितलं. "कोथिंबीर?"

सर आपल्या हातांकडे बघत उभे राहिले. काकूंचा चेहरा आक्रसलेला मला दिसला. माझाही तसाच झाला असणार.

"राहिली टपरीवर," सर म्हणाले. "बाकावर ठेवली होती. बोलण्याच्या नादात विसरलो." आणि चप्पल काढून आत जाता जाता मला म्हणाले, "जा रे, घेऊन ये. लिंबंही तिथेच आहेत."